अठराव्या दाराची हाळी

"मेली. परत धाच्या धा मेली," आसाराम म्हणाला आणि मोबाइल मांडीवर पालथा घातला.

"कोण मेली?" मी दचकून विचारलं. दुष्काळाचे दिवस, सकाळची अकराची वेळ, आणि माणूस तोंड पाडून असं काहीतरी बोलतो.

"झाडं, सेक्रेटरी. खेळातली. तुमी कावून घाबरता?"

आम्ही चारीच्या पहिल्या दाराच्या कट्ट्यावर बसलो होतो. मोठ्या कालव्यातून आमच्या गावासाठी जो फाटा निघतो त्याला आम्ही चारी म्हणतो. सात किलोमीटर लांबीची ही चारी आणि तिच्यावर शेतांना पाणी सोडायची अठरा लोखंडी दारं. या चारीवरच्या शेतकऱ्यांची एक पाणी वापर सहकारी संस्था आहे. मी तिचा सचिव, आणि आसाराम पाटकरी, म्हणजे ज्याच्या त्याच्या दाराशी पाळीनं पाणी नेऊन सोडणारा माणूस. ही गोष्ट एकोणीस सालच्या उन्हाळ्याची. सव्वा वर्षात चारीला थेंब आला नव्हता, त्यामुळे दोघांनाही काम नव्हतं. मी ऑफिसात पंख्याखाली रिकामा बसायचो आणि तो चारीवर उन्हात रिकामा बसायचा, एवढाच काय तो फरक.

त्याच्याकडे मोबाइल आला तोही संस्थेमुळेच. पहिल्या दाराशी पाण्याची उंची मोजायची पट्टी आहे. रोज सकाळी तिचा फोटो काढून पाटबंधारे ऑफिसला पाठवायचा, असा हुकूम निघाला. आसारामनं जुना बटनांचा फोन बायकोच्या, बायनाबाईच्या, स्वाधीन केला आणि टचचा घेतला. तेव्हापासून तो रोज कोरड्या पट्टीचा फोटो पाठवतो आणि तिकडून रोज अंगठ्याची खूण येते. एकदा फोटोत पट्टीला अंग घासणारं गाढव आलं होतं. त्यालाही अंगठा आला.

फोटो पाठवायला एक मिनिट लागतं. उरलेल्या दिवसाचं काय करायचं? मग खेळ आले. ते कुठून येतात कोण जाणे, पण फोनला एकदा वाट सापडली की पाहुण्यांसारखे एकामागून एक येतात. आसाराम सत्तावन्न वर्षांचा, शाळा सातवीपर्यंत. पण कुठलाही खेळ हातात घेतला की तो त्याची बारकाईनं तपासणी करायचा, आणि तपासणीचा निकाल मला ऐकावा लागायचा.

पहिला खेळ शेतीचा होता. बोटानं नांगरट, बोटानं पेरणी, आणि कांदा चार मिनिटांत तयार. आसाराम आठ-दहा दिवस त्यात अगदी रमला. मग एक दिवस म्हणाला, "शेती झ्याक हाय बगा. गारपीट न्हाई, करपा न्हाई, म्हैस कवा आटत न्हाई. पर शेजारी बांध कोरत न्हाई तितं मला खोटं वाटाया लागलं. आन चार मिंटात कांदा येतोय तर मानसानं वाट कशाची बगायची?" त्या दिवशी त्यानं तो खेळ काढून टाकला. बायनाबाईला मात्र रंगीत गोळ्या तीन-तीन जुळवायचा खेळ लागला. आसाराम जेवायला बसला की ती मोबाइल घ्यायची आणि त्याचं जेवण होईतो चार डाव उरकायची. "डोकं लागत न्हाई वो ह्याला," ती मला सांगायची, "हात आपला चालत ऱ्हातोय, शेंगा फोडल्यावानी." बघता बघता ती अडीचशेच्या वरच्या पायरीला गेली होती.

आता माझंही सांगतो, नाहीतर म्हणाल सेक्रेटरी दुसऱ्याचंच सांगतो. मी ट्रकचा खेळ खेळायचो. घाटातनं माल घेऊन जायचं, दरीत पडायचं नाही. खरं सांगायचं तर माल पोचवण्यात मला काडीचा रस नव्हता. त्या खेळात मधेच पाऊस लागायचा. काचेवर थेंब पडायचे, वायपर हलायचे. मी ट्रक कडेला उभा करायचो आणि नुसता बघत बसायचो. बायको म्हणायची, तुमची गाडी बंद पडली का? मी म्हणायचो, हो, पंक्चर आहे. पन्नाशीच्या माणसानं असं करणं शोभत नाही, हे मला कळत होतं.

पण आसारामला अखेर जो खेळ चिकटला तो पाण्याचा. वर कोपऱ्यात एक टाकी. खाली लांबवर पसरलेली दहा झाडं. मधे नळांचे तुकडे, बोट लावलं की फिरणारे. ते जुळवून वाट करायची, प्रत्येक झाडाचं छोटं दार उघडायचं आणि टाकीतलं पाणी संपायच्या आत झाडं जगवायची. पहिल्या चाळीस पायऱ्या त्यानं आठवड्याभरात खाल्ल्या. तीस-पस्तीस वर्षं चारीवर घालवलेला माणूस, त्याला पाण्याची वाट कोण शिकवणार? एक्केचाळिसाव्या पायरीला मात्र तो अडकला. तिथं नळांचे तुकडे तपकिरी, भेगाळलेले होते. पाणी त्यांच्यातनं जाताना कमी होत जायचं.

"आणा इकडं," मी म्हणालो आणि मोबाइल घेतला. त्याची चूक माझ्या लगेच लक्षात आली. तो सगळी दारं बंद ठेवून आधी सगळ्यात लांबच्या झाडाकडं पाणी काढायचा. भेगाळलेले तुकडे वाटेतच ते पिऊन टाकायचे, टाकी रिकामी व्हायची, आणि दहाच्या दहा झाडं माना टाकायची. मी टाकीजवळच्या झाडापासून सुरुवात केली. एक भिजलं, दुसरं भिजलं, असं करत आठ. लगेच पडद्यावर फटाके उडाले, वाजंत्री वाजली आणि बेचाळिसावी पायरी उघडली.

"घ्या. झालं," मी म्हणालो.

आसाराम फटाक्यांकडं बघतच नव्हता. त्याचं बोट खालच्या कोपऱ्यात होतं. "आन ही दोन?"

"ती गेली. धातली आठ जगली की पास."

"आठ कुणी ठरवलं?"

"खेळ ज्यानं केला त्यानं."

"त्येचं रान वरल्या अंगाला असंल," आसाराम म्हणाला. मी हसलो, तो हसला नाही. त्यानं ती पायरी परत मागं घेतली आणि पुन्हा लांबच्या झाडापासून सुरू केलं.

त्याचं हे वेड मला माहीत होतं आणि त्याचं कारणही. आसारामच्या वडलांचं दोन एकर रान चारीच्या अगदी शेपटाला होतं. तेव्हा संस्था नव्हती. वरची माणसं आधी दारं उघडायची, ऊस भिजवायची, आणि खाली फक्त कागद पोचायचा. कागदावर ते रान बागायत होतं आणि प्रत्यक्षात तिथं कुसळं उगवायची. पाणी सुटलं असं कळलं की वडील खोरं घेऊन दाराशी जाऊन बसायचे. तीन-तीन दिवस बसायचे. मग खोरं खांद्यावर टाकून घरी यायचे आणि दसरा झाला की बायको-पोरांना घेऊन ऊसतोडीला जायचे. ते रान पुढं गेलंच.

म्हणून दोन हजार सहा साली संस्था उभी राहिली तेव्हा आसारामनं एकच गोष्ट लावून धरली. पाणी आधी शेपटाला. अठरावं दार भिजायला लागल्याशिवाय वरचं एकही दार उघडायचं नाही. सरकारी कागदातही तसं लिहिलेलं असतं, पण कागदातलं चारीवर उतरवणं वेगळं. सात किलोमीटरवर पाणी पोचलं हे वरच्याला कळणार कसं? फोन तेव्हा सगळ्यांकडं नव्हते. आसारामनं हाळी ठरवली. पाणी आलं की अठराव्या दाराच्या मालकानं आरोळी ठोकायची, "पोचलं!" ती सतराव्यानं ऐकून पुढं द्यायची, ती सोळाव्यानं, असं करत करत हाळी पहिल्या दारापर्यंत यायची आणि मग दारं उघडायची. तेरा वर्षांत एकदाही हाळीच्या आधी दार उघडलं नाही. भांडणं झाली, डोकी फुटायची वेळ आली, पण दार उघडलं नाही. आसपासच्या गावांतली माणसं हे बघायला येऊन गेली आहेत.

अठरावं दार छबुबाईचं. तिनं आणि नवऱ्यानं, धोंडीरामनं, बावीस हंगाम ऊस तोडला. शेवटी धोंडीरामची कंबर गेली आणि तो खाटेला लागला. शेपटाला पाणी यायला लागल्यावर छबुबाईनं चाळीस मोसंबीची झाडं लावली आणि कोयता आढ्याला खोवला. लेकाला आणि सुनेला तिनं ऊसतोडीला जाऊ दिलं नाही. या सव्वा वर्षात ती झाडं तिनं कशी धरून ठेवली होती, ते सांगायला नको. धुण्याभांड्याचं पाणी, टँकरच्या वाट्यातल्या घागरी, बुडाशी पाचट. पानं गळाली होती, पण खोडावर नख ओढलं की आत हिरवं दिसायचं. मार्चात एक भिजवण मिळाली तर झाडं पावसाळा बघतील, असं तिचं म्हणणं होतं. नाही मिळाली तर दसऱ्याला लेक आणि सून कोयता घेणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

आणि मार्चात निरोप आला. पिण्यासाठी मोठ्या कालव्याला पाणी सुटणार होतं. त्यातलं आमच्या चारीला तीन दिवस मिळणार होतं, चारा आणि फळबाग वाचवण्यापुरतं. सोमवारी सकाळी सहाला सुरू, गुरुवारी सकाळी सहाला बंद. बहात्तर तास, एक मिनिट जास्त नाही.

बैठक संस्थेच्या ऑफिसात भरली. छबुबाई दाराच्या कडेला पदर सावरून बसली होती. आमचे चेअरमन सुंदरराव. त्यांचं रान पहिल्या दारावर आहे, पण माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

"माझी बाग घाला खड्ड्यात," ते म्हणाले. "माझ्याकं हीर हाय, घोटभर का व्हईना पानी हाय. पर गावात जनावरं किती हायत? कडवळ, मका वाळाय लागली. चारी सव्वा वर्स कोरडी हाय, भेगा पडल्यात. शेपटाकडनं सुरू केलं तर निम्मं पानी चारीच पिऊन टाकंल. वरनं खाली आलो तर बारा-तेरा दारं पोटभर भिजत्यात. म्या न्हाई म्हणत नियम मोडा. येवढ्या एका पाळीला बाजूला ठिवा."

चुकीचं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. मला एकदम तो खेळ आठवला आणि मी आसारामकडं बघितलं. त्यालाही आठवला असणार, कारण त्यानं माझी नजर टाळली.

"छबुआक्का, तुमी बोला," सुंदरराव म्हणाले.

"मला कावून इचारता?" छबुबाई म्हणाली. "नियम म्या केला न्हाई. ज्यानं केला त्याला इचारा."

सगळे आसारामकडं वळले. तो उभा राहिला. "पोचंल," एवढंच म्हणाला.

"किती तासांत?"

"दीड दिसात. तितनं पुढं सगळ्यांला गावतंय."

आसारामनं पाण्याबद्दल सांगितलेला अंदाज कधी चुकला नव्हता. सुंदररावांनी टोपी काढली, परत घातली आणि म्हणाले, "मंग ठरलं."

बाहेर आल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "आसारामभाऊ, रोज खेळात बगताय न्हवं तुमी? भेगाळल्यालं नळ पानी पितात."

"खेळात भेगा बुजवता येत न्हाईत, सेक्रेटरी," तो म्हणाला. "आपल्याला येत्यात."

आणि तो खरंच बुजवायला लागला. हातात आठ दिवस होते. वरून सतराव्या दारापर्यंत चारीला सिमेंटचं अस्तर आहे. तिथल्या भेगा ज्यानं त्यानं बुजवल्या. पण सतराव्या आणि अठराव्या दाराच्या मधे अर्धा किलोमीटर चारी उघड्या मुरमातनं जाते. तिथं आसाराम आणि छबुबाई सकाळपासून दिवस कलेपर्यंत काळी माती पाट्यांनी वाहायची, टाकायची, पायानं तुडवायची. मीही दोन दिवस गेलो. हाताला फोड आले, मग गेलो नाही. त्या आठ दिवसांत आसारामनं एकही खेळ उघडला नाही. बायनाबाई म्हणाली, "आता मोबाइल माझाच हाय दिसभर. पर ह्येंच्याकं बगून गोळ्या जुळत न्हाईत माज्या."

सोमवारी सहाला पाणी सुटलं. फेस, पाचोळा, काड्या, उंदरांच्या बिळातनं निघणारे बुडबुडे असं सगळं पुढं घालत पाणी निघालं आणि आसाराम त्याच्या तोंडाबरोबर चारीच्या काठानं चालू लागला. पोरंटोरं धावली, बायकांनी दाराशी हळदीकुंकू वाहिलं. ऑफिसला पट्टीचा फोटो गेला आणि अंगठा आला. संध्याकाळी पाणी पाचव्या दाराला होतं. म्हणजे हिशोबापेक्षा मागंच. मंगळवारी सायंकाळी ते सतराव्या दाराला, तात्याबाच्या रानाशी आलं. दीड दिवस तिथंच संपला. पुढं मुरूम.

बुधवारी सकाळपासून प्रत्येक दाराशी माणसं खोरं घेऊन उभी होती. पाणी डोळ्यांसमोरनं वाहत होतं, पिकं पाच पावलांवर वाळत होती, आणि कुणी दाराला हात लावत नव्हतं. मी मोटरसायकलवर वर-खाली करत होतो. सातव्या दाराच्या अर्जुनरावनं मला अडवलं. "सेक्रेटरी, माझी मका आज भिजली तर हाय, न्हाईतर न्हाई. कवाचा कान लावून हुबा हाय. हाळी कवा?" त्याच्या आवाजात राग कमी आणि काकुळती जास्त होती. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी दोनला सुंदररावांचा फोन आला. "अजून पंधरा-सोळा तास हायत. आत्ता दारं उघडली तर सतरा जन कसंबसं भिजत्यात. सांजपातूर थांबलो तर कुणाचंच न्हाई. तू गाडीवर हायस न्हवं? शेपटाला जा. मंग तूच दे की बे हाळी. सतराव्यानं ऐकली की झालं. कोन बगाया येतंय?"

मी गाडी वळवली. खोटं कशाला बोलू, मी त्याच तयारीनं तिकडं निघालो होतो. वाटेत मी मनातल्या मनात दोनदा "पोचलं" म्हणूनही बघितलं.

सतराव्या दारापासून पुढं गाडी जात नाही. मी चालत गेलो. मुरमाच्या पट्ट्यात साधारण अर्ध्या वाटेवर आसाराम चारीच्या काठावर उकिडवा बसला होता. त्यानं सकाळी पाण्याच्या तोंडाशी एक काडी रोवली होती. ती काडी आता कोरड्या जागेत होती, आणि पाणी तिच्या हातभर मागं. आठ दिवस तुडवलेली काळी माती जागोजागी खचली होती आणि खालचा मुरूम आवाज न करता पाणी ओढत होता.

"भाऊ," मी म्हणालो.

"मागं चाललंय, सेक्रेटरी," तो म्हणाला. "म्या म्हनालतो दीड दिसात पोचंल. सगळ्यांनी माझं ऐकलं." त्याचे ओठ कोरडे पडले होते. "आता वरलं दार उघडलं तर आक्काची झाडं म्या मारली. न्हाई उघडलं तर सगळ्या गावाचं म्या मारलं."

मोठ्या माणसाला असं मोडताना बघणं फार वाईट. हाळी द्यायला आलेला मी त्याच्या शेजारी खाली बसलो.

तेवढ्यात खालच्या बाजूनं छबुबाई येताना दिसली. चारीच्या कोरड्या पोटातनंच चालत येत होती, डोक्यावर पदर, कमरेवर घागर. सकाळपासून ती अठराव्या दाराशी बसून होती. दाराला हळदीकुंकू वाहून, आतला पाट खराट्यानं झाडून तिनं झाडांच्या आळ्यांपर्यंत वाट करून ठेवली होती. ती पाण्याच्या तोंडाशी आली, घागर काठावर ठेवली आणि काडीकडं बघितलं. मग पाण्याकडं. तिला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"किती येळ झाला ह्येला हितं?" तिनं विचारलं.

"सकाळच्या धापसनं," आसाराम म्हणाला. मान वर न करता.

"वर दारं बंद हायत आजून?"

"हायत."

"सगळी?"

"सगळी, आक्का."

ती चप्पल काढून पाण्यात उतरली. घोट्याइतकं पाणी होतं. "मंग हाळी देती," ती म्हणाली.

आसाराम ताडकन उभा राहिला. "आक्का, पोचलं न्हाई!"

"मला डोळं हायत."

"मंग खोटी हाळी कशी देशील? तेरा वर्सात खोटी हाळी गेली न्हाई ह्या चारीवर."

"हाळी कुनी द्याची? अठराव्या दारानं. आसं तूच ठरीवलंस का न्हाई?" छबुबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पोचलं का न्हाई पोचलं, ते म्या सांगायचं. तू न्हाई, चेअरमन न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "सेक्रेटरीनं तर न्हाईच."

माझी मान खाली गेली. तिला कसं कळलं, देव जाणे. माझ्या तोंडावर लिहिलेलं असावं.

"आन झाडं?" आसारामनं विचारलं.

"झाडं माझी हायत," ती म्हणाली. "तुझ्या बापाला म्या बगितलंय ह्या चारीवर बसल्यालं. तीन-तीन दीस बसायचा, उपाशी. वरलं कुनी इचारायचं न्हाई. आज सतरा मानसं माझ्यापाई थांबल्यात, समोर पानी असून. येवढं मला लई झालं. आता त्येंला बसवून ठिवू नगंस."

तिनं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि ओरडली.

"पोचलं!"

बावीस वर्षं उसाच्या फडात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाका मारलेला तो आवाज होता. साठीतही तो खणखणीत निघाला. वर, सतराव्या दाराशी तात्याबा उभा होता. तिथनं त्याला आम्ही तिघंही दिसत होतो, पाण्याचं तोंड दिसत होतं आणि पुढचा कोरडा मुरूमही. म्हातारा नुसता बघत राहिला. त्याच्या रानात कडवळाचा तुकडा होता, गोठ्यात दोन म्हशी होत्या. तरी त्याच्याच्यानं हाळी पुढं देववेना.

छबुबाई पुन्हा ओरडली. "तात्याबा, ऐकाया आलं न्हाई का? पोचलं!"

तात्याबानं डोक्याचा रुमाल काढला. तोंड पुसलं की डोळे, ते लांबून कळलं नाही. मग तो वरच्या बाजूला वळला आणि त्यानं हाळी दिली. ती सोळाव्यानं घेतली, पंधराव्यानं घेतली. वळणापलीकडनं चौदाव्याची आली, मग तेराव्याची. पुढं पुढं माणसं ओळखू येईनाशी झाली, नुसता आवाज बारीक होत वर जात राहिला. त्या वरच्या माणसांना काही माहीत नव्हतं. ती आनंदानं ओरडत होती, ते तेवढ्या लांबूनही कळत होतं. मग दारांची लोखंडी चाकं फिरायला लागल्याचा आवाज आला.

आसाराम जागचा हलला नव्हता.

"जा आता," छबुबाई त्याला म्हणाली. "तुझ्याबिगार पाळी कोन लावील त्येंला? वरली एकमेकाच्या उरावर बसतील."

तो गेला. दहा-पंधरा पावलं गेल्यावर थांबला, पण वळला नाही. तसाच पुढं गेला.

वर दारं उघडली तसं आमच्या पायाशी पाणी उतरायला लागलं. छबुबाईनं घाईनं घागर घेतली, पाण्यावरचा पाचोळा हातानं बाजूला सारला आणि तिरपी धरून ती भरून घेतली. दुसऱ्यांदा बुडवण्याइतकं पाणी उरणार नव्हतं, म्हणून तिनं तळहातानं खळग्यातलं उरलंसुरलंही ओढून आत घातलं. मी घागर उचलू लागायला पुढं झालो. "नगं," ती म्हणाली. "सवय हाय."

काठोकाठ भरलेली घागर कमरेवर घेऊन ती चारीच्या कोरड्या पोटातनं अठराव्या दाराकडं चालू लागली. तिकडं चाळीस झाडं होती. त्यातल्या कोणत्या झाडाला ती ही घागर घालणार, हे तिला विचारायची माझी छाती झाली नाही.